ताळेबंदापासून प्रमुखपदापर्यंत: वित्त क्षेत्रातून अपंग व्यक्तींच्या संस्थेत येऊ पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बँक, ऑडिट, विमा किंवा एखाद्या कंपनीचा वित्तविभाग, अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षं काढलेली माणसं मला हे प्रश्न विचारत असतात. मीही त्याच वाटेने आले: सुरुवात ऑडिटमध्ये, मग एका संस्थेची मानद खजिनदार, पुढे तिथेच वित्तप्रमुख आणि त्यानंतर कार्यकारी संचालक. तोंडी दिलेली उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत, म्हणून हे पान.

हिशेब बघणारा माणूस संस्थेचा प्रमुख म्हणून खरंच चालतो का?

चालतो. मात्र नुसता हिशेब येतो एवढ्या भांडवलावर नाही.

अशा संस्था बहुतेकदा पालकांनी, विशेष शिक्षकांनी, थेरपिस्टनी किंवा स्वतः अपंग असलेल्या कार्यकर्त्यांनी उभ्या केलेल्या असतात. कामाची तळमळ आणि जाण त्यांच्याकडे भरपूर असते. मी अडचणीत आलेल्या ज्या संस्था जवळून पाहिल्या, त्यांच्या कामात खोट नव्हती. पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नव्हते, आणि ते नसणार आहेत हे चार महिने आधी कुणी कागदावर मांडलं नव्हतं. पुढचे सहा महिने आज बघायची सवय वित्तातला माणूस सोबत आणतो, आणि ती मोलाची आहे.

त्याचबरोबर तो एक धोकाही आणतो. प्रत्येक गोष्टीकडे 'खर्च' म्हणून बघायची त्याला सवय असते. त्याला सगळ्यात आधी शिकावं लागतं ते हे, की इथे हिशेबाचा वाचक बदललेला असतो. कंपनीत तुम्ही भागधारकांसाठी लिहीत होता. संस्थेत आल्यावर बरेच जण देणगीदारांसाठी लिहू लागतात, आणि तिथेच चुकतात. ज्यांच्या नावाने हा पैसा येतो, त्यांना तो हिशेब वाचता आला पाहिजे आणि त्यावर प्रश्नही विचारता आला पाहिजे. पुढची माझी बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघालेली आहेत.

कंपनीच्या आणि संस्थेच्या हिशेबात नेमका फरक काय?

नव्याने येणाऱ्याला सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कंपनीत जो वस्तू घेतो, तोच पैसे देतो. संस्थेत घेणारा एक आणि देणारा दुसरा. त्यामुळे ग्राहक नाराज झाला की विक्री घसरते, हा कंपनीला आपोआप मिळणारा इशारा इथे मिळतच नाही. व्हीलचेअर मापाची नसली, बसणाऱ्याच्या पाठीला जखम होत असली, तरी वाटपाचा फोटो छानच येतो आणि अनुदानाचा पुढचा हप्ताही येतो. वापरणाऱ्याकडून उलटी खबर येण्याची वाट तुम्हाला मुद्दाम बांधावी लागते, आणि तिच्यासाठी बजेटही ठेवावं लागतं.

दुसरा फरक बांधील निधीचा. समजा बँकेत १०० आहेत. त्यातले ५५ एका देणगीदाराने श्रवणयंत्रांसाठीच दिलेत, २५ रोजगार-प्रशिक्षणाच्या प्रकल्पाचे, आणखी ५ वास्तूसाठी. म्हणजे तुमच्या हातात खरे १५. बँकेचं पासबुक मात्र १०० दाखवतं, आणि संचालक मंडळातल्या कुणालातरी तेच आठवत असतं. कंपनीतून आलेला माणूस रोख म्हणजे रोख असं धरून चालतो. इथे श्रवणयंत्रांच्या पैशातून या महिन्याचे पगार केले तर ती परवानगीशिवाय घेतलेली उसनवारी झाली. पुढच्या महिन्यात भरून काढू म्हणून सुरू झालेली अशी उचल वर्षभर रेंगाळते, आणि ऑडिटच्या टेबलावर उघडी पडते तेव्हा संस्थेची पतच धोक्यात येते.

तिसरी गोष्ट वेळेची. बरीच अनुदानं आधी खर्च करा, पावत्या पाठवा, मग पैसे देतो अशा स्वरूपाची असतात. प्रकल्प जितका मोठा, तितकी तुमची रोकड जास्त अडकते. काही लेखापद्धतींत तर तीन वर्षांचं मंजूर अनुदान पहिल्याच वर्षी उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं. पहिल्या वर्षी भरघोस शिल्लक आणि पुढची दोन वर्षं तूट दिसते, आणि संस्थेचं प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. मंडळाला हे आधी समजावलं नाही, तर पहिल्या वर्षी उधळपट्टी होते आणि दुसऱ्या वर्षी घबराट.

म्हणून माझ्या मासिक अहवालाच्या पहिल्याच ओळीत बँकेतली शिल्लक नसते. 'मुक्त निधी किती, आणि तो किती महिने पुरेल' एवढंच तिथे असतं.

थेट प्रमुखपद मिळतं का, की खालून सुरुवात करावी लागते?

थेट मिळालेली माणसं आहेत. तरीही मी तो सल्ला देत नाही. आधी एखाद्या संस्थेचे खजिनदार किंवा वित्त समितीचे सदस्य व्हा. नोकरी न सोडता महिन्याला दोन-तीन संध्याकाळी देऊन हे जमतं. वर्षभरात एक अंदाजपत्रक, एक ऑडिट आणि एखादं नामंजूर झालेलं अनुदान असा सगळा फेरा डोळ्यांखालून जातो. त्यानंतर वित्तप्रमुख म्हणून पूर्णवेळ या. तिथून पुढे कार्यक्रमाची जबाबदारी मागून घ्या, कारण ज्याने एकही कार्यक्रम चालवलेला नाही त्याला कर्मचारी मनातून प्रमुख मानत नाहीत. आणि त्यांचं ते बरोबरच आहे.

अपंगत्वाबद्दल मला फारशी माहिती नाही. कुठून सुरुवात करू?

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारापासून. १३ डिसेंबर २००६ ला तो स्वीकारला गेला. ३० मार्च २००७ ला स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला तेव्हा पहिल्याच दिवशी ८२ सह्या झाल्या, आणि ३ मे २००८ पासून तो लागू आहे. आर्थिक करार वाचणाऱ्याला तो अजिबात जड जात नाही. अपंगत्व केवळ शरीरात किंवा मनात नसतं, शरीर-मनाची स्थिती आणि समोरचे अडथळे यांच्या गाठीतून ते घडतं, ही त्यातली मांडणी नीट समजून घ्या. पायऱ्या, नुसतीच छापील सूचना, वाकडी नजर, चुकीचा फॉर्म हे सगळे अडथळेच. हे पटलं की बजेट करण्याची पद्धतच बदलते, कारण अडथळा काढायला पैसे लागतात.

वित्तातल्या माणसाने कलम १२ चं पाचवं उपकलम तर वाचलंच पाहिजे. मालमत्ता बाळगण्याचा आणि वारशाने मिळवण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा, बँकेचं कर्ज, गहाणकर्ज आणि इतर पतपुरवठा इतरांच्या बरोबरीने मिळवण्याचा हक्क तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. कर्जविभागात काम केलेल्याने ते वाचताना आपण नाकारलेले अर्ज आठवून बघावेत.

आवाका कळावा म्हणून सांगते: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे. म्हणजे जवळपास दर सहा माणसांमागे एक.

कागदावरच्या वाचनाला मर्यादा आहे, हेही खरं. रुजू होण्याआधी संस्थेच्या केंद्रात दोन आठवडे नुसते बसा. कुणाला मदत करायला धावू नका. कोण कधी येतं, कुठे अडतं, कुणाची किती वाट बघतं, ते पाहा.

बोलताना कोणता शब्द वापरू?

समोरच्या व्यक्तीला जो चालतो तो. काहींना 'अपंग व्यक्ती' सरळ वाटतं, काहींना 'दिव्यांग' आवडतं, तर काहींना तोच शब्द मुळीच पटत नाही. बहुतेक कर्णबधिर व्यक्तींना 'मुका' हा शब्द टोचतो. विचारलं तर कुणी रागावत नाही. स्वतःच्या मनाने दयेचे शब्द लावू नका, आणि 'सामान्य माणसं विरुद्ध हे' अशी विभागणी अहवालातही करू नका.

मी स्वतः अपंग नाही. हे पद मी घ्यावं का?

हा प्रश्न स्वतःहून पडणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो.

'आमच्याविना आमच्याबद्दल काहीही नको' ही या चळवळीची घोषणा आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत बर्कले इथे स्वतंत्र जीवन केंद्र सुरू झालं. एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दाखवून दिलं की सेवा कोणती हवी, कशी हवी, हे अपंग व्यक्ती स्वतः ठरवू शकतात आणि संस्थाही स्वतः चालवू शकतात. आज त्या देशात अशा केंद्रांच्या संचालक मंडळात बहुसंख्य सदस्य अपंग असावेत, अशी कायद्यातच अट आहे.

माझं मत असं: समोर तोलामोलाची अपंग उमेदवार असेल, तर तुम्ही वित्तप्रमुख म्हणून तिच्यासोबत काम करा. तुमचं कसब तिथे तितकंच कामाला येतं. पद तुमच्याकडे आलंच, तर उत्तराधिकारी घडवणं हे पहिल्या वर्षापासून तुमच्या कामात धरा, आणि त्यासाठी प्रशिक्षणाची तरतूद करा. मंडळात अपंग सदस्य एकटाच असेल तर त्याचं ऐकलं जात नाही. दोन-तीन असले की बैठकीचा सूरच बदलतो, हे मी पाहिलं आहे.

मी अपंग आहे आणि वित्तातच आहे. मला नुसतं चेहरा म्हणून पुढे करतील का?

काही ठिकाणी करतात. ओळखायची खूण सोपी आहे: सहीचे अधिकार आणि बजेटवरचा अंतिम शब्द तुमच्याकडे आहे का, ते नेमणूकपत्र घेण्याआधी विचारा. लेखा सॉफ्टवेअर नुसत्या कीबोर्डवर किंवा स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) चालतं का, हेही स्वतः वापरून बघा. 'बघू, नंतर करू' असं उत्तर आलं, तर ते 'नंतर' कोणत्या तारखेला, हे लिहून मागा.

सुगम्यतेचा खर्च बजेटमध्ये कुठे दाखवायचा?

सुगम्यता म्हणजे जागा, माहिती आणि बैठक अपंग व्यक्तीला अडथळ्याविना वापरता येणं. माझ्या मते एखाद्या संस्थेची पारख करायची तर इथेच करावी. 'इतर खर्च' या शीर्षकाखाली जे जातं, ते कपातीच्या वेळी सगळ्यात आधी कापलं जातं. सुगम्यता तिथे सापडली, तर समजा की ती असून नसल्यासारखी आहे.

मी ती दोन ठिकाणी दाखवते. प्रत्येक प्रकल्पाच्या थेट खर्चात त्या प्रकल्पापुरती, आणि कर्मचारी व मंडळ यांच्यासाठी मध्यवर्ती बजेटमध्ये एक स्वतंत्र ओळ. आणि रक्कम अंदाजाने न घालता मोजून घालायची. दिवसभराची बैठक असेल तर सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन लागतात, कारण हे काम मेंदूला थकवणारं आहे आणि ते साधारण २० ते ३० मिनिटांनी पाळी बदलतात. एकाचे पैसे वाचवले की दुपारनंतर कर्णबधिर सदस्य बैठकीच्या बाहेरच पडल्यासारखा होतो. मदतनिसासोबत प्रवास करणाऱ्याची तिकिटं दोन धरायची. व्हीलचेअरच्या खरेदीबरोबर दुरुस्ती, टायर, विजेवर चालणारी असेल तर बॅटरी, हे सगळं धरायचं आणि घसारा वापराच्या मानाने लावायचा. खडबडीत रस्त्यावर रोज चालणारी खुर्ची कार्यालयातल्या खुर्चीइतकी टिकत नाही.

जागेचंही तसंच. उताराचं प्रमाण अनेक देशांच्या नियमांत १:१२ धरतात. दारासमोर ६० सेंटिमीटरची चढण असेल, तर रॅम्पला ७.२ मीटर लांबी हवी, शिवाय वळणाला सपाट जागा. भाडं कमी म्हणून घेतलेली जागा या एका गणितात महाग पडते. भाडेकरारावर सही करण्याआधी मापाची टेप घेऊन जा.

देणगीदार विचारतात: तुमचा प्रशासकीय खर्च किती टक्के? काय सांगू?

खरा आकडा सांगा, आणि त्याच्यासोबत तो कशावर झाला हेही सांगा.

कमी ओव्हरहेड, म्हणजे कमी प्रशासकीय खर्च, म्हणजे चांगली संस्था, या समजाने फार नुकसान केलं आहे. देणगीदार कमी आकडा मागतात, संस्था खर्च दाबतात किंवा दुसरीकडे लपवतात, मग देणगीदारांना वाटतं एवढ्यात भागतं, आणि पुढच्या वेळी ते आणखी कमी मागतात. २०१३ मध्ये गाईडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या संस्थांची माहिती देणाऱ्या व पारख करणाऱ्या तीन अमेरिकन संघटनांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं की फक्त या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका.

अपंग व्यक्तींच्या संस्थेत हा प्रश्न आणखी बोचतो. आमच्या लेखा विभागात अंध सहकारी असेल, तर तिचं सॉफ्टवेअर 'प्रशासकीय' गणलं जातं. अपंग माणसांना नोकरी द्या असं इतरांना सांगणाऱ्या संस्थेने स्वतः ती दिली, की तिचा ओव्हरहेड वाढतो! देणगीदाराला हे शांतपणे, आकड्यांसह सांगितलं की बहुतेक वेळा पटतं. मी सांगत आले आहे, आणि नकारही पचवले आहेत.

मंडळासमोर आकडे मांडताना काय वेगळं करावं लागतं?

इथे माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते.

वित्तप्रमुख म्हणून मी दिलेला पहिला तिमाही अहवाल. कंपनीतल्या सवयीने तूट कंसात लिहिली होती, (४,२०,०००), आणि वर लाल रंग. मंडळावर एक अंध सदस्य होत्या. त्या अहवाल स्क्रीन रीडरवर ऐकून, टिपणं काढून येत. बैठकीत त्यांनी विचारलं, "चार लाख वीस हजार शिल्लक आहे, तर नवं केंद्र पुढच्या महिन्यातच का सुरू करू नये?" क्षणभर कुणालाच कळेना. मग त्यांनी लॅपटॉपवर ती ओळ सगळ्यांना ऐकवली. स्क्रीन रीडरने कंस उच्चारलाच नव्हता. नेहमीच्या सेटिंगवर अनेकदा तो उच्चारला जात नाही. लाल रंगाचा तर त्यांना काही उपयोगच नव्हता. आमच्या धंद्यात रुळलेल्या एका खुणेने तुटीची शिल्लक करून टाकली होती, आणि ती चूक त्यांची नव्हती.

त्या दिवसापासून आमच्या तक्त्यात 'शिल्लक की तूट' असा एक वेगळा रकाना आहे आणि त्यात शब्द लिहिलेला असतो. एकत्र जोडलेले चौकोन बंद केले, कारण ऐकताना कोणता आकडा कोणत्या शीर्षकाखालचा हे कळेनासं होतं. ऑडिट अहवालाची स्कॅन केलेली प्रत म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने एक चित्रच. ऑडिटरकडून मूळ मजकुराची फाइल मागून घ्यायची, आणि ही अट त्यांच्या नेमणूकपत्रातच घालायची. वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक नियमांत साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं किमान गुणोत्तर ४.५:१ सांगितलं आहे. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी ते पाळा. फिकट करड्या तळटिपा काढून टाका. महत्त्वाची कबुली नेमकी तळटिपांतच असते. आणि नुसत्या रंगावर कोणताही अर्थ सोपवू नका. अहवाल बैठकीच्या आठवडाभर आधी पाठवा, ऐकून वाचायला वेळ लागतो. स्वतः तपासायचं असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ पासून मोफत मिळतो. डोळे मिटून स्वतःचा ताळेबंद एकदा ऐका.

बौद्धिक अपंगत्व असलेले सदस्य मंडळावर आल्यावर आम्ही एका पानाचा सोपा अहवाल सुरू केला: किती आले, किती गेले, किती उरले, उरलेल्यातले कशासाठी बांधलेले. मंडळातले सगळेच आता आधी तेच पान उघडतात.

पगार किती कमी होतो?

बराच. घरच्यांशी आधी मोकळेपणाने बोला, कर्जाचे हप्ते मोजा, वर्षभराची गंगाजळी बाजूला ठेवा. मात्र फुकटात किंवा नाममात्र पगारावर प्रमुखपद घेऊ नका. तुमच्यानंतर येणाऱ्याला त्याच पगारात बसवलं जातं, आणि ज्याच्याकडे आधीची बचत नाही त्याला ते पद कायमचं बंद होतं.

राखीव निधी किती असावा?

तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतका, असं सर्वसाधारणपणे सांगतात. निवासी सेवा किंवा वैयक्तिक मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेत मी सहाच्या खाली समाधानी नसते. प्रशिक्षणवर्ग महिनाभर पुढे ढकलता येतो. सकाळी अंथरुणातून उठायला ज्याला मदत लागते, त्याची सकाळ पुढे ढकलता येत नाही.

नेमणूक स्वीकारण्याआधी काय बघावं?

मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, आणि त्यासोबत ऑडिटरने व्यवस्थापनाला लिहिलेलं पत्र. हे पत्र सहसा कुणी आपणहून दाखवत नाही. मागा. बांधील निधींची यादी मागा, आणि तिची बेरीज बँकेतल्या रकमेशी पडताळा. बेरीज जास्त आणि बँकेत कमी असेल, तर उसनवारी आधीच झालेली आहे. वाऊचर करणारा, मंजूर करणारा आणि बँकेचा ताळमेळ घालणारा एकच माणूस असेल, तर तो कितीही सज्जन असला तरी ती पद्धत त्याच्यासाठीही वाईटच.

पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात आधी कशाला हात घालावा?

निवासी संस्था असेल, तर तिथे राहणाऱ्यांच्या वैयक्तिक पैशाला. निवृत्तिवेतन, भत्ते, घरून आलेली रक्कम, कार्यशाळेतली कमाई. ऑडिटमध्ये हा भाग किरकोळ म्हणून सुटतो, आणि नेमका तोच पैसा संस्थेचा नसतो.

मी गेले त्या ठिकाणी तो एका कपाटात होता, पत्र्याच्या डब्यात, आणि सोबत एक वही. वहीत नावं, तारखा, 'साबण', 'बिस्किटं', 'दाढीचं सामान', आणि प्रत्येक ओळीसमोर काळजीवाहकाची सही. ज्याचे पैसे त्याची खूण कुठेच नाही. मी वही चाळत असताना एक पन्नाशीचे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. ते फार कमी बोलत. त्यांनी वहीकडे बोट केलं आणि विचारलं, "माझे किती?" काळजीवाहक प्रामाणिक होते, बेरीज बरोबर होती, पण त्यांना लगेच सांगता आलं नाही, कारण आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही प्रत्येकाच्या नावाने बँकेत वेगळं खातं काढलं. त्याला वेळ लागला, बँकेशी वादही झाले आणि करारातलं ते पाचवं उपकलम छापून न्यावं लागलं. आता दर शुक्रवारी दुपारी जो तो आपलं पान घेऊन बसतो. कुणी वाचतो, कुणाला वाचून दाखवावं लागतं, कुणासाठी नाण्यांची चित्रं काढलेली असतात. ते गृहस्थ आकडा ऐकतात, थोडा वेळ थांबतात आणि म्हणतात, "परत सांगा." मग आम्ही परत सांगतो.